मामांच्या एटीव्हीचं हँडल दीड इंच वर घेतलं, त्याची पूर्ण हकिगत

मामांचं काजूचं भाट, म्हणजे काजूची बाग, गोव्यात सत्तरीत आहे, वाळपईच्या पुढे, आणि भाट म्हणजे सपाट काही नाही, सगळा चढउतार, खाली कुळागर म्हणजे पोफळीची बाग, मध्ये जांभ्याची पायवाट आणि वर डोंगरभर काजू. फेब्रुवारीच्या शेवटाला बोंडू, म्हणजे काजूची फळं, पडायला लागले की मे महिन्यापर्यंत रोज वर जाऊन गोळा करायचे आणि खाली भट्टीपर्यंत आणायचे, आणि ते आजचे आजच आणावे लागतात कारण बोंडू उद्यापर्यंत थांबत नाही, आंबतो, पाणी सुटतं. आधी हे सगळं डोक्यावरून यायचं. चार वर्षांपूर्वी मामांनी किनाऱ्याकडच्या एका राइड देणाऱ्याकडून २५० सीसीची सेकंडहँड एटीव्ही, म्हणजे चार जाड टायरांची, बाइकसारखं हँडल असलेली गाडी घेतली, मागे छोटी ट्रॉली लावली, आणि तेव्हापासून क्रेट त्यातून येतात. रस्त्यावर ती आणत नाही, नंबर नाही तिला, भाटातल्या भाटातच फिरते.

मामा सहा फूट एक इंच उंच आणि वय ५८. मी फोंड्याला बाइकच्या गॅरेजात काम करतो. गेल्या सीझनच्या सुरवातीला त्यांचा फोन आला की बाबू, गाडी विकायची म्हणतो. म्हटलं काय झालं, तर म्हणाले कंबर जाते माझी, मान दुखते, आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट संध्याकाळी बधिर असतं, भाताचा घास नीट होत नाही. डॉक्टरांना दाखवलेलं, मानेत काही नाही म्हणाले, तळहातावर दाब येईल असं काम कमी करा. हे ऐकून मला गाडीच आठवली. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेतून एक नस जाते, मनगट मागे मोडून हातावर वजन टाकून तासन्तास बसलं की ती दाबली जाते आणि नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात, लांब सायकल चालवणाऱ्यांना हे बरोब्बर माहीत असतं. म्हणजे मामांचं वजन बुडावर आणि पायांवर राहायच्या ऐवजी हातांवर पडत होतं. हँडल खाली होतं त्यांना.

रविवारी गेलो. पहिलं काम मी हँडलला हात न लावता टायर बघितले, कारण मनगटाला बसणारा दणका कुठून येतो ते आधी कळायला पाहिजे. दाबून बघितलं तर दगड. एटीव्हीच्या टायरात हवा फार कमी असते, ४ ते ७ पीएसआयच्या आसपास, गाडीवर स्टिकर असतो त्यावर बघायचं, आमच्या स्टिकरवर ५ होतं. कोणीतरी पंक्चर काढून नेहमीच्या स्कूटरच्या हिशोबाने हवा मारलेली, १८ निघाली! पंपावरच्या मीटरला इतकी कमी हवा नीट दाखवता पण येत नाही, त्याला वेगळा लो प्रेशरचा गेज लागतो, मी घेऊन गेलो होतो. चारी टायर ५ वर आणले आणि मामांना एक फेरी मारायला लावली. येऊन म्हणाले हाताला बरंच मऊ वाटतं, पण कंबर तशीच. म्हणजे दणका टायरचा होता आणि वाकणं हँडलचं होतं, दोन वेगळी दुखणी. हे आधी केलं नसतं तर हँडल वर करून फरक पडला की हवा कमी करून, हे मला कधीच कळलं नसतं.

आता हँडल. इथे मी जी चूक केली ती सविस्तर सांगतो कारण मला वाटतं बरेच जण हीच करतात.

मी मामांना अंगणात गाडीवर बसवलं. बसून हात पुढे केले तर कोपर जवळजवळ सरळ, पाठ कमानीसारखी, मनगट मोडलेलं. मामेभावाने बाजूने फोनवर फोटो काढले. मी हँडल पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली लाकडाचे तुकडे ठेवून हँडल हाताने वर धरून बघितलं आणि दोन इंच वर आलं की मामांची पाठ छान ताठ झाली, कोपर थोडं वाकलं, चेहरा पण बदलला त्यांचा. झालं, मी ठरवून टाकलं की दोन इंच. कुंडईला ओळखीचा लेथवाला आहे त्याच्याकडून ॲल्युमिनियमच्या चांगल्या रॉडमधून ५० मिलिमीटरचे दोन ठोकळे करून घेतले. भंगार वितळवून ओतलेल्या ॲल्युमिनियमचे नाहीत, ते आतून पोकळ निघू शकतं, आणि हँडलच्या खाली पोकळ वस्तू मला नको होती. बोल्ट एम ८ चेच पण लांब, ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो बघून घेतले. हार्डवेअरमध्ये जी साधी आटे पाडलेली सळी मिळते ती कापून लावणारे लोक मी बघितलेत, ते करू नका, हँडल हातात आलं तर डोंगरावर धरायला दुसरं काही नसतं.

पुढच्या रविवारी लावलं. बसून एकदम फर्स्टक्लास. मामी म्हणाली आता दिसतात राजासारखे. मामांनी गाडी चालू केली, अंगणात तुळशीला वळसा घालायला हँडल पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि गाडीची रेस आपोआप वाढली, अंगठा एक्सलेटरवर नव्हता तरी. गाडी ऑटोमॅटिक आहे, बेल्टवाली, रेस एका मर्यादेच्या वर गेली की क्लच आपोआप पकडतो आणि गाडी पुढे सरकते. सरकलीच. मामांनी ब्रेक मारला, कुंपणाला टेकून थांबली, कोणाला लागलं नाही, पण मामी घराच्या पायरीवर उभी होती आणि गाडी तिच्यापासून दहा पावलांवर थांबली. माझे हात थंड पडले होते. ट्रॉली मागे असती आणि वर डोंगरात वळणावर हे झालं असतं तर काय झालं असतं ते मला आजही नको वाटतं.

कारण साधं होतं. एक्सलेटरची केबल हँडलपासून स्टिअरिंगच्या दांड्याच्या पुढून खाली इंजिनकडे जाते आणि तिची लांबी जुन्या उंचीच्या हिशोबाची असते. हँडल वर नेलं म्हणजे तिचा ढिलेपणा आपण खाऊन टाकला, सरळ असताना कळत नाही, पण पूर्ण वळवलं की केबलचं बाहेरचं आवरण ताणलं जातं आणि आतली तार ओढली जाते, म्हणजे हँडल वळवून तुम्ही एक्सलेटर देता. मी गॅरेजात बाइकचं हँडल बदललं की दर वेळी हे तपासतो, गाडी स्टँडवर, न्यूट्रलला, स्लोवर चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि कान इंजिनकडे, रेस जराही बदलता कामा नये. घरचं काम, रविवार, सगळे बघताहेत, आणि तेवढंच राहिलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

इंजिन बंद करून मग सगळं नीट बघितलं. पुढच्या ब्रेकचा पाइप पण पूर्ण उजवीकडे वळवल्यावर तारेसारखा ताठ होत होता. एक्सलेटर तरी लगेच ओरडून सांगतो, ब्रेकचा पाइप मात्र काही न सांगता जोडाशी रोज थोडा थोडा झिजतो आणि महिन्यांनी एक दिवस जातो. शिवाय हँडलचं टोक मामांच्या गुडघ्याला लागत होतं. याचा मी विचारच केला नव्हता. एटीव्हीचा स्टिअरिंगचा दांडा उभा नसतो, चालवणाऱ्याकडे झुकलेला असतो, आमच्या गाडीचा मोबाइलवर कोन मोजला तर साधारण ३० अंश. मग सरळ ठोकळा त्याच दांड्याच्या रेषेत चढतो, म्हणजे ५० मिलिमीटरच्या ठोकळ्याने हँडल वर येतं फक्त ४३ आणि मागे, आपल्या पोटाकडे, येतं तब्बल २५. दोन इंचाचा रायझर (असल्या ठोकळ्याला रायझर म्हणतात) लावला म्हणजे हँडल दोन इंच वर आलं हे खरं नाही, ते वर पण आलं आणि एक इंच अंगावर पण आलं. लांब पायांच्या माणसाला तोच एक इंच वळताना गुडघ्यात घुसतो.

ठोकळे काढले, जुनं सगळं परत बसवलं, आणि मी मामांना म्हटलं की मला एक आठवडा द्या, तोवर गाडी नेहमीच्या हँडलवरच चालवा. मामा म्हणाले, बाबू तू घाई नको करू, बोंडू आणायला माणसं आहेत.

तो आठवडा मी एकच विचार करत होतो की मामा गाडीवर बसतात कधी. आणि मग शनिवारी संध्याकाळीच जाऊन त्यांच्या मागून चालत वर गेलो आणि बघितलं. बसतच नाहीत जास्त! जांभ्याच्या त्या वाटेवर दगड, मुळं, ओहोळ, तिथे मामा फुटरेस्टवर उभे राहतात, गुडघे थोडे वाकवून, आणि ते बरोबरच आहे, खडबडीत जागी उभं राहूनच चालवायचं असतं म्हणजे दणका पाय खातात. चढावर पुढे झुकतात, उतारावर मागे सरकतात, आडव्या उतारावर वरच्या बाजूला कलतात. एटीव्ही ही अंगाने चालवायची गाडी आहे, नुसत्या हँडलने नाही. आणि उभं राहिल्यावर ते खालचं हँडल गाठायला सहा फुटी माणूस कमरेत पार मोडत होता, कंबर तिथे जात होती. मी मात्र त्यांना सपाट अंगणात बसवून माप घेतलेलं, जसे ते दिवसातून फार तर दहा मिनिटं असतात.

मग माप परत घेतलं, उभं राहून. हँडब्रेक लावला, चारी चाकांना चिरे लावले, मामांना म्हटलं फुटरेस्टवर उभे राहा, जसे वाटेवर राहता तसेच, डोळे मिटा आणि हँडल धरायचं आहे असं समजून हात पुढे करा, हँडल शोधू नका. मुठी जिथे थांबल्या ती उंची मामेभावाने जमिनीपासून मोजली, मग ग्रिपची मोजली. फरक साधारण ४ सेंटीमीटर. अंगणात तीनदा केलं, तीनदा जवळपास तेवढाच. मग गाडी चढाला तोंड करून लावली आणि तेच केलं, आणि इथे गंमत कळली, चढावर झुकल्यावर मुठी जुन्या हँडलच्या जवळपास आल्या, म्हणजे चढावर त्यांना हँडल वर नकोच होतं, दोन इंच वर केलेलं तर छातीशी आलं असतं आणि पुढे झुकायला जागाच राहिली नसती. मागे दीडदोनशे किलोची ट्रॉली असताना चढावर पुढे झुकता आलं नाही तर पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी वळायचं सोडून देते. उताराला तोंड केल्यावर उलट, तिथे मुठी सगळ्यात वर होत्या. म्हणजे एकच बरोबर उंची नाहीच, उतारावर जास्त हवी, चढावर कमी. भरलेली ट्रॉली मामांच्या भाटात कायम उतरत येते, रिकामी चढते, पण मध्ये दोन चांगले चढ भरल्या ट्रॉलीने पण घ्यावे लागतात. मी मधलं धरलं, दीड इंचाच्या आसपास, आणि अंगावर शक्य तितकं कमी.

हे कसं करायचं तर थोडं रायझरने आणि थोडं हँडल फिरवून. हँडलचे ग्रिप क्लॅम्पच्या वर असतात आणि मागे पण असतात. क्लॅम्प ढिला करून हँडल पुढच्या बाजूला काही अंश फिरवलं की ग्रिप पुढे जातात आणि वर पण जातात. आमच्या हँडलचे ग्रिप क्लॅम्पपासून ९ सेंटीमीटर वर आणि ११ सेंटीमीटर मागे होते, ६ अंश फिरवलं तर साधारण ११ मिलिमीटर वर आणि १० मिलिमीटर पुढे. फुकटात. त्यामुळे लेथवाल्याकडून त्याच ठोकळ्यांची उंची ३० मिलिमीटर करून आणली, त्याने हँडल २६ वर आणि १५ मागे येतं, आणि वरून ६ अंश पुढे फिरवलं. एकूण हिशोब ३७ मिलिमीटर वर, म्हणजे दीड इंच, आणि मागे फक्त ५. गुडघा वाचला.

फिरवण्याला पण मर्यादा आहे बरं का. जास्त फिरवलं तर ग्रिपची टोकं वाकडी होतात, मनगट दुसऱ्या बाजूने मोडतं, आणि काही लोक उलट करतात, हँडल नुसतं मागे फिरवून अंगाजवळ आणतात, त्याने ग्रिप दांड्याच्या फार मागे येतात आणि वळताना हँडल विचित्र जड आणि डुलतं लागतं. मला ते अजिबात पटत नाही, पाच मिनिटांचं काम म्हणून लोक ते करतात आणि गाडीला नावं ठेवतात.

बसवताना या वेळी एकेक गोष्ट केली. एक्सलेटरच्या केबलला कंपनीने दांड्याजवळ एका कडीतून घेतलेलं आणि वर प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेलं, ती पट्टी कापली आणि केबल दुसऱ्या सोप्या वळणाने घेतली, तेवढ्यात ३० मिलिमीटरपुरता ढिलेपणा मिळाला. अंगठ्याच्या खटक्याला इंजिन ओढायच्या आधी ३ ते ५ मिलिमीटर मोकळी चाल पाहिजे, ती ॲडजस्टरवर परत लावली. ब्रेकचा पाइप मात्र पुरत नव्हता, पूर्ण वळणावर पुरल्यासारखा दिसत होता पण माझं मन मानेना, म्हणून ७ सेंटीमीटर लांब स्टीलच्या जाळीचा पाइप करून घेतला, नवीन डॉट ४ ब्रेक ऑइल भरलं आणि एअर काढली. ते ऑइल रंग खातं, गाडीवर ओलं फडकं टाकून करा. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर ठोकळ्याखाली चिमटत तर नाही ना ते टॉर्च मारून बघितलं. ब्रेकची टाकी हँडलबरोबर पुढे झुकली होती, तिचा छोटा क्लॅम्प ढिला करून ती परत पाण्यासारखी लेव्हलला आणली, आणि त्याच वेळी लिव्हरचा कोन मामा उभे असताना बोटं सरळ रेषेत येतील असा ठेवला. एक्सलेटरचा डबा पण किंचित फिरवला, अंगठा वरून दाबण्याऐवजी समोर ढकलेल असा, कारण अंगठ्याने दिवसभर वाकडं दाबलं की तळहात पण वाकडा टेकतो.

क्लॅम्पचे बोल्ट चौफेर थोडे थोडे करत आवळले, पुढची आणि मागची फट मॅन्युअलमध्ये जशी सांगितली तशी ठेवून, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून ताकद लावणाऱ्या पान्याने. तिथे अजून एक सापडलं, हँडलच्या बुडाखाली जे रबरी बुश असतात ते पार चपटे झालेले, जुन्या उंचीवर ते जाणवत नव्हतं पण हँडल वर गेलं की तरफ लांब होते आणि तोच हलका खेळ हाताला दुप्पट वाटतो. बुश बदलले. रायझर लावून हँडल डुगडुगतं अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे बघावं.

मग ती तपासणी. गाडी चालू, न्यूट्रल, स्लोवर, मी बाजूला उभा राहून हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवलं. रेस हलली नाही. मामी या वेळी खिडकीत होती, मी तिला तिथेच थांब म्हटलेलं. मग मामांना उभं करून पूर्ण वळवायला लावलं, बाहेरचा हात न ताणता ग्रिपला पोचतो का आणि आतलं टोक गुडघ्याला लागतं का. पोचत होता, लागत नव्हतं. पहिले दोन दिवस ट्रॉली न लावता रिकामी गाडी, मग अर्धे क्रेट, मग पूर्ण.

फरक असा, कंबर पहिल्या आठवड्यातच मोकळी झाली. बोटांना वेळ लागला, एप्रिलच्या मध्यापर्यंत थोडं थोडं राहिलं आणि मग गेलं, त्यात टायरचा वाटा किती आणि हँडलचा किती ते मी सांगू शकत नाही, दोन्ही एकाच महिन्यात झालं. पहिल्या मोठ्या चढावर मामांना हँडल उंच वाटलं, त्यांना चार वर्षांची सवय होती, आता त्यांना आणखी थोडं पुढे झुकावं लागतं आणि ते त्यांनी दोनतीन दिवसांत पकडलं. खर्च ठोकळे, बोल्ट, बुश, पाइप, ऑइल असा झाला, त्यात सगळ्यात महाग पाइप पडला, आणि नेमका तोच लोक वाचवतात.

एक अडचण मात्र सुटली नाही. मामेभाऊ पाच फूट चार इंच, तो पण गाडी चालवतो, आणि त्याला आता हँडल उंच पडतं. तो म्हणाला दादा, मी चालवताना ढिलं करून खाली फिरवतो आणि मग परत लावतो. मी सरळ नाही म्हटलं. रोज उघडबंद केलेला क्लॅम्प एक दिवस कोणीतरी अर्धा आवळून सोडणार. सीझनमध्ये दिवसाचे सहा तास मामा गाडीवर असतात आणि हा एक तास, म्हणून हँडल मामांचं. त्याला मी सीटवर पुढे सरकून बसायला आणि उभं राहताना गुडघे कमी वाकवायला शिकवलं, त्याचं बरंच जमतं, पूर्ण नाही.

आणि क्लॅम्प हलला तर कळावं म्हणून हँडल आणि क्लॅम्प दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ मामीच्या लाल नेलपेंटने मारली, चारी बोल्टांवर पण. रेघ तुटली दिसली की गाडी बाहेर काढायची नाही असं दोघांकडून कबूल करून घेतलंय. जूनच्या पहिल्या पावसाआधी गाडी झाकून ठेवायला गेलो तेव्हा बघितलं, पाचही रेघा जागच्या जागी होत्या, ब्रेकचा पाइप जोडापाशी वाकवून बघितला, चीर नव्हती, बोल्टांना ग्रीस लावलं आणि ताडपत्री टाकली.